कलमतात्या

चाकणच्या पट्ट्यात, निघोज्यापासून खराबवाडीपर्यंत, कुठल्याही मध्यम कारखान्यात शिरा. स्टोअरच्या डोक्यावर नाहीतर जिन्याखाली एक खोली सापडेलच. आत तीन लोखंडी कपाटं, कपाटांवर गेल्या खंडेनवमीची हळदकुंकवाची बोटं, आणि कपाटांच्या मधोमध एक गृहस्थ. कार्डावर 'मॅनेजर, कंप्लायन्स अँड एथिक्स'. हा गृहस्थ मुळात टाइमकीपर. पुढे पर्सोनेल क्लार्क झाला, मग एचआर-अ‍ॅडमिन झाला. मोठ्या कंपन्या आपल्या वेंडरांकडून 'कोड ऑफ कंडक्ट'वर सह्या घेऊ लागल्या, तेव्हा कुठल्यातरी मीटिंगमध्ये प्रश्न निघाला की ही नीतिमत्ता आपल्याकडे कुणी बघायची? मालक म्हणाले, "तात्यांकडे टाका. चहा-पाण्याचं त्यांच्याकडे आहेच."

आमचे तात्या ह्याच वाणाचे. गाव खेड तालुक्यातलं, उमेदवारी भोसरीच्या गाळ्यात, बिऱ्हाड निगडी प्राधिकरणात. मी हिशेबखात्यात, माझं टेबल त्यांच्या खोलीला लागून. त्यामुळे त्यांचा कायदा मला दिवसभर ऐकू येतो. शॉपमध्ये त्यांना कलमतात्या म्हणतात, कारण कलमाचा आकडा घातल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. चहा उशिरा आला म्हणून कुणी कुरकुरलं की तात्या शांतपणे सांगायचे, "फॅक्टरी अ‍ॅक्ट, कलम 46. कँटीन लागतं ते 250 च्या वर माणसं असली तर. आपण 248. तेव्हा हा चहा तुम्हाला हक्कानं मिळत नाही, मालकांच्या मेहेरबानीनं मिळतो. फुंकून प्या."

आमच्या मस्टरवर कायम 248 माणसं असतात. लग्नं होतात, मुलं होतात, माणसं सोडून जातात, नवी येतात, आकडा 248. वरची माणसं ठेकेदारांची. ठेकेदार दोन, दोघांकडे 49-49, कारण महाराष्ट्रात कंत्राटी कामगारांचा कायदा 50 पासून लागू होतो. कँटीनसाठी ठेकेदाराची माणसंही मोजायची असतात, हे तात्यांना पक्कं ठाऊक आहे. फक्त त्यांना तसं अजून कुणी विचारलेलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हा त्यांच्या मते आगाऊपणा आहे.

तात्यांची खरी कला बघायची तर ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात. दुपारी चारनंतर ते दार लोटून घेतात आणि तीन महिन्यांची रजिस्टरं लिहायला बसतात. टेबलावर पाच पेनं: दोन निळी, दोन काळी, एक मुद्दाम अडखळणारं. सोमवार ते बुधवार एका पेनानं, गुरुवार कोरा (पट्ट्याची सुट्टी), शुक्रवारी ते अडखळणारं. "रोज लिहिणाऱ्याचं पेन मध्ये कधीतरी बिघडतंच," हे त्यांचं म्हणणं. पानाचा खालचा कोपरा ओल्या स्पंजावर बोट फिरवून मऊ करायचा. जुलैच्या पानाला जराशी ओल दाखवायची, मेच्या पानावर चहाचा एक थेंब पाडायचा. तोही कडेला, आकड्यांवर नाही. अग्निशामक नळकांड्यांच्या तपासणीच्या तक्त्यावर त्यांनी एकदा एका महिन्याची सही मुद्दाम गाळली आणि शेजारी लाल शाईत स्वतःलाच मेमो काढला, 'पुनरावृत्ती टाळावी.' ऑडिटरनं तो मेमो पाहून मान डोलावली. तात्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला डोळा मारला. मराठी रंगभूमीला हा माणूस मिळाला असता तर नेपथ्याची बक्षिसं दुसऱ्या कुणाला मिळाली नसती.

ह्या माणसाला मी लबाड म्हणणार नाही, आणि हे भिडेखातर सांगत नाही. घरून येताना ते शब्दकोड्यासाठी वेगळं पेन आणतात, कंपनीच्या शाईत शब्दकोडं सोडवत नाहीत. एका दिवाळीला ट्रान्सपोर्टवाल्यानं त्यांना चांदीचं नाणं पाठवलं. मोठ्या कंपनीच्या कोडात भेटवस्तूची मर्यादा 500 रुपये. तात्यांनी नाणं परत केलं, सोबत पत्र जोडलं, पोच घेतली, आणि फाइलला नाण्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स लावली. सोनपापडी मात्र ते ठेवून घेतात. रजिस्टरात '340 रुपये, अंदाजे' अशी नोंद करतात आणि डबा गेटवरच्या सिक्युरिटीला देतात. तो डबा सिक्युरिटीकडून पुढे कुठे जातो हे गिफ्ट पॉलिसीच्या कक्षेबाहेर आहे.

तात्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीत मावतं. लिहिलं ते झालं, नाही लिहिलं ते झालं नाही. ते भक्तिभावानं हे मानतात.

2015 साली त्यांच्या ह्या श्रद्धेला जागतिक आधार मिळाला. आमची बस तळवड्यावरून म्हाळुंग्याकडे वळते त्या भागात फोक्सवॅगनचा कारखाना आहे, 2009 पासून. 2015 च्या 18 सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं फोक्सवॅगनला नोटीस दिली. त्यांच्या डिझेल इंजिनातल्या सॉफ्टवेअरला म्हणे चाचणी चालू आहे हे ओळखता येई. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे आपण यंत्रावर चढवलेलो आहोत. मग धूर एकदम सभ्य. गाडी रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 40 पटींपर्यंत. जगभरात अशा 1 कोटी 10 लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय ह्या वाहन-संशोधन संस्थेनं तपासण्या केल्या, डिसेंबरात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला परत बोलावण्याचं कंपनीनं जाहीर केलं. पुढे मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं 500 कोटींचा दंड सुनावला आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

तात्यांनी कात्रणं कापून लॅमिनेट केली. त्यांना धक्का बसला तो फसवणुकीचा नव्हे, खर्चाचा. "केवढे इंजिनिअर लावले असतील! आपण हे माणसांवर करतोय, आणि तेही फुकट."

खरंच होतं ते. ऑडिटरची गाडी गेटवर आली की आमच्या अख्ख्या कारखान्याला कळतं. वॉचमन टोपी चढवतो, त्यासरशी स्टोअरवाला तात्यांच्या दुसऱ्या कपाटातून चाळीस पिवळी हेल्मेट काढतो. हातमोज्यांचा गठ्ठा फुटतो. प्रथमोपचाराच्या पेटीत आयोडीन येतं. बारा तासांची शिफ्ट आठ तासांची होते, आणि उरलेल्या चार तासांचे कामगार मागच्या गेटनं 'ट्रेनिंग'ला जातात. गाडी गेली की हेल्मेट मोजून आत. एक कमी भरलं तर तात्या रात्री आठपर्यंत थांबतात.

खोलीच्या भिंतीवर प्रमाणपत्रांच्या दहा-बारा चौकटी आहेत. त्यांवरून मी एकदा त्यांना छेडलं की सत्यम कंपनीलाही 2008 मध्ये उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, आणि 7 जानेवारी 2009 ला खुद्द चेअरमननंच पत्र लिहून खोट्या हिशेबांची कबुली दिली. तात्या जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चूक कुठे झाली सांगू? पत्र लिहिलं."

आता एथिक्स. हा विषय पट्ट्यात कारखान्याच्या आत फार थोडा असतो, गेटबाहेर उदंड. भंगाराचा ठेका कुणाला, लेबर कुणाचं, पाण्याचा टँकर कुणाचा, ह्याची उत्तरं टेंडर उघडण्याआधीच काळी गाडी दारात उभी करून दिली जातात. माथाडींचा 1969 चा कायदा अंगावर ओझी वाहणाऱ्या माणसासाठी झाला. त्याच्या नावाखाली ज्यांनी जन्मात गोणी उचलली नाही असेही लोक वसुलीला यायचे. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवडला वेगळं पोलीस आयुक्तालय झालं, त्यानंतर कारखानदार निदान तक्रारी तरी करू लागले. तात्यांनी ह्या प्रश्नावर स्वतःचा उपाय काढला. भंगारासाठी आलेल्या एका भाऊंना त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि 'हितसंबंध जाहीरनामा' भरायला दिला. 'आपले कंपनीतील कोणाशी नातेसंबंध आहेत काय?' ह्या रकान्यात भाऊंनी लिहिलं, 'सगळे आपलेच आहेत.' तात्यांनी फॉर्म दाखल करून घेतला. शेरा: 'माहिती पूर्ण.'

सरकारी पाहुण्यांची गोष्ट निराळी. एकदा अशा एका साहेबांचा ड्रायव्हर खाली ताटकळत होता आणि मालकांनी माझ्याकडे व्हाउचर मागितलं. मी तात्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "2018 ची दुरुस्ती. लाच देणाराही आता गुन्हेगार. बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांत पोलिसांना कळवायचं, म्हणजे सुटका."

"मग कळवायचं?"

"आज पहिलाच दिवस आहे."

आठव्या दिवशी मी पुन्हा विचारलं. "मुदत संपली," तात्या म्हणाले आणि खाली वाकून ड्रॉवर बंद केला.

व्हिसलब्लोअर बॉक्स मात्र त्यांनी मनापासून बसवला. पत्र्याची लाल पेटी, कुलूप, वर 'आपले नाव गुप्त ठेवले जाईल' आणि त्याच्या बरोबर वर सीसीटीव्ही, कारण मोकळी भिंत तेवढीच होती. दोन वर्षांनी ऑडिटरनं पेटी उघडायला सांगितली. किल्ली हरवलेली, कुलूप तोडलं. आत वडापावचे कागद, बसचा पास, आणि एकच चिठ्ठी: 'लेडीज संडासाची कडी बसवा.' खाली नाव नाही. आमच्याकडे बायका चार, आणि कायद्यानं लागते ती तक्रार समितीही ह्याच चौघींची मिळून झालेली. तात्यांनी चिठ्ठीला नंबर दिला, छायाप्रत काढली, खरेदी विभागाला पत्र धाडलं. खरेदी विभागानं तीन कोटेशनं मागवली. पत्रव्यवहार चालू आहे.

एवढं सांगून मग त्या पोराची गोष्ट सांगितली पाहिजे.

फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 108 प्रमाणे कायद्याचा गोषवारा कामगारांना समजणाऱ्या भाषेत भिंतीवर लावावा लागायचा. आमचा गोषवारा वॉटर कूलरच्या मागे, साडेसहा फुटांवर. तात्यांनी तो स्वतः टाइप करून घेतला होता, शुद्धलेखन दोनदा तपासलं होतं, फ्रेम सागवानी होती. वर्षानुवर्षं त्याच्याकडे पाहणारी फक्त पाल. एका दुपारी प्रेस शॉपमधला एक ट्रेनी, लातूरकडचा, पाणी प्यायला आला आणि बाटली भरेपर्यंत वाचत उभा राहिला. नंतर तो कूलरवर चढला आणि उरलेलं वाचलं. संध्याकाळी तात्यांच्या दारात उभा.

"तात्या, कलम 59 म्हणतंय ओटी डबल. आम्हाला सिंगल मिळतो."

मला वाटलं, तात्या चिडणार. तात्यांनी त्याला बसायला सांगितलं. स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. "अख्खा वाचलास?" त्यांनी विचारलं. "शेवटचं नीट दिसलं नाही, तिथं बल्ब नाही," पोरगं म्हणालं. दुसऱ्या दिवशी तिथे बल्ब आला. अख्ख्या कारकिर्दीत तात्यांना मिळालेला हा पहिला वाचक. ओटीचं काय झालं विचाराल, तर ते 'विचाराधीन' झालं. पण पोराचं कौतुक करायचं म्हणून तात्यांनी त्याला सेफ्टी कमिटीवर घेतलं. ग्राहक कंपनीला कमिटीत कामगारांचा प्रतिनिधी लागायचाच.

सेफ्टी कमिटीची सभा म्हणजे सह्या. इतिवृत्त तात्या जानेवारीत वर्षभराचं लिहून ठेवतात. पोरानं सहीला रजिस्टर हातात घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. तात्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. 'ऐन वेळचे विषय' ह्या मथळ्याखाली नेहमी 'कोणतेही नाहीत' असतं. त्या महिन्यात ते लिहायचं राहून गेलं होतं. पोरानं निळ्या पेनानं लिहिलं: 'प्रेस नं. 3 चा लाइट कर्टन वायर जोडून बंद ठेवला आहे. डाव्या बटणाला चिंधी बांधली आहे. दोन महिने झाले.' सही, तारीख, वेळसुद्धा.

पॉवर प्रेस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून डाय दणकन खाली येतो. हात मध्ये असू नयेत म्हणून दोन्ही बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात, आणि समोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्यात बोट गेलं की प्रेस थांबतो. बटणाला चिंधी बांधली तर एक हात मोकळा राहतो, पडदा बंद केला तर थांबणं वाचतं, आणि तासाला नग वाढतात. ह्या पट्ट्यात हात मिळवताना समोरच्याच्या हाताला तीनच बोटं लागली तर कुणी 'काय झालं?' असं विचारत नाही.

मालकांपर्यंत गोष्ट गेली. ऑडिट पाच दिवसांवर आलेलं. माझ्या टेबलावर सगळं ऐकू येत होतं.

"पान फाडा."

"पानांना नंबर आहेत साहेब. पहिल्या पानावर 'एकूण 96 पाने' असा दाखला आहे, माझ्याच सहीचा."

"मग व्हाइटनर लावा."

"रेकॉर्डवर व्हाइटनर चालत नाही."

"अहो, मग नवीन रजिस्टर लिहा की! तुम्हाला काय नवीन आहे?"

बराच वेळ आवाज नाही. मग तात्या बोलले, आणि त्यांचा आवाज किंचित चिरका झाला होता. "साहेब, न झालेलं मी पुष्कळ लिहिलंय. लिहिलेलं आजवर कधी खोडलेलं नाही."

मालक दार आपटून गेले. तात्या तसेच बसून राहिले. त्यांची अडचण मला तेव्हा कळली. पानावर आलं म्हणजे ते झालेलंच होतं, आणि पुढच्या 'केलेली कार्यवाही' ह्या रकान्यात पोराचीच प्रतिसही लागणार होती. पोरगं न बघता सही करणाऱ्यातलं नव्हतं. तात्यांनी दुसऱ्या कपाटातून एक हेल्मेट काढलं, किमतीची चिठ्ठी लोंबत होती तसंच डोक्यावर घातलं आणि जिना उतरले. शॉपमध्ये त्यांना बघून दोन फिटर उभेच राहिले, त्यांना वाटलं ऑडिटर आला. प्रेस नंबर 3 समोर जाऊन तात्यांनी मेन स्विच पाडला, लाल टॅग अडकवला आणि टॅगवर वेळ लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळात बघून.

प्रेस दीड दिवस बंद राहिला. माल उशिरा गेला, मोठ्या कंपनीकडून लाइन थांबल्याची डेबिट नोट आली. ती माझ्याच हातून बुक झाली. मालक आठवडाभर तात्यांशी बोलले नाहीत, चहासुद्धा माझ्याकरवी विचारायचे. पडदा दुरुस्त झाला, चिंधी निघाली, पोरानं तीनदा फूटपट्टी मध्ये घालून पाहिली आणि मग प्रतिसही केली.

ऑडिटर आला. रजिस्टरं चाळता चाळता त्या पानावर थांबला. मेच्या चहाचा थेंब त्याच्या नजरेत भरला नाही, हे पान भरलं. त्यानं पोराला बोलावून विचारलं, तात्यांना विचारलं, खाली जाऊन प्रेस पाहिला. अहवालात लिहिलं, 'कामगाराने मांडलेला धोका पुराव्यानिशी दूर केला, अनुकरणीय.' मालकांनी तो परिच्छेद मोठा करून रिसेप्शनला लावला. पुढच्या वेंडर मीटमध्ये ते आमच्याकडच्या 'ओपन कल्चर'वर दहा मिनिटं बोलले.

त्यानंतर 21 नोव्हेंबर 2025 उजाडला आणि केंद्रानं कामगारांच्या 29 कायद्यांच्या जागी 4 संहिता लागू केल्या. तात्यांची पाठ असलेली कलमं एका रात्रीत आकडे बदलून बसली. चहाचं 46 गेलं, ओटीचं 59 गेलं. दोन दिवस ते बसमध्ये कुणाशी बोलले नाहीत, खिडकीतून इंद्रायणीचा फेस बघत बसले. पोरानं तोवर चारही संहिता मोबाइलवर उतरवून घेतल्या होत्या. मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसालाही वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, हे तात्यांना त्यानंच सांगितलं. प्रत्येकाला नेमणूकपत्र लागतं हेही त्यानंच. तात्यांनी वहीत टिपून घेतलं, त्याच्यासमोर.

पण खरं संकट मालकांनी आणलं. त्यांना त्या परिच्छेदाची चटक लागली होती. फर्मान निघालं: दर महिन्याला कामगाराची एक तक्रार रजिस्टरात आलीच पाहिजे, तात्यांच्या वार्षिक उद्दिष्टात वर्षाला बारा. मग काय, चारनंतर दार पुन्हा लोटलं गेलं. पाच पेनं निघाली. मी डोकावलो तर तात्या डाव्या हातानं लिहीत होते, अक्षर कामगाराचं वाटावं म्हणून: 'शॉपमधील पंख्याचा आवाज येतो.' ते पान प्रतिसहीला पोराकडे गेलं. पोरगं पान घेऊन वर आलं.

"तात्या, पंख्याचा आवाज येत नाही."

"येईल रे. जुना आहे."

"खोट्या कशाला? खऱ्या चौदा आहेत माझ्याकडं." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

तात्यांनी कागद उलगडला. वरपासून खालपर्यंत वाचला, परत वाचला. कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एकदम चौदा नको," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्दिष्ट बाराचं आहे. महिन्याला एक घेऊ. क्रमानं."

"मग पहिली कडीची घ्या," पोरगं म्हणालं. "आणि ती तीन कोटेशनं फाडा."

"फाडायची नाहीत," तात्या म्हणाले आणि टोपण उघडलं. "फाइलला लागतात."